वाढत्या अंगाचं भांडं

नीलिमावहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो आणि शेजारी ग्राइंडर चालू होता. शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या शेडमध्ये सकाळी दहाला फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मी ओरडलो, "वहिनी, दोन मिनिटांत करतो," आणि ठेवून दिला. दोन मिनिटांची पंधरा झाली, कारण एका डक्टचं माप चुकलं होतं आणि त्यावरून मी तोंडसुख घेत होतो. मग बाहेर उन्हात येऊन फोन लावला. वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी, मुकुंद राहिला नाही हो." दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या चिलर रूममध्ये पाइपांची पाहणी करता करता तो खाली बसला होता, तो उठलाच नाही. बरोबरच्या माणसांना वाटलं, दम लागला असेल. त्या पंधरा मिनिटांनी काही फरक पडणार नव्हता, हे मला कळतं. तरी आज सात महिने झाले, ती पंधरा मिनिटं माझ्या मानगुटीवरून उतरत नाहीत.

त्याच्या आधीच्या रविवारी मी त्याच्याकडेच होतो. दर रविवारी सकाळी दहाला जायचोच. निघताना तो लिफ्टपर्यंत आला, बटण दाबलं, आणि लिफ्ट आल्यावर दार हातानं धरून उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. मी म्हणालो, "अरे बोल की, लिफ्ट कोकलतेय." तो हसला आणि म्हणाला, "काही नाही रे. पुढच्या रविवारी बोलू. यल्ला, जा." दार सोडलं. हे मी आत्ता लिहितोय तसं मला तेव्हा काही जाणवलं नव्हतं, मी गाडी कुठे लावलीय ते आठवत होतो.

मुकुंद डोंबिवलीचा, मी पुण्याचा, आणि त्यावरून एकमेकांना टोचणं हा तेवीस वर्षं आमचा धंदाच होता. तो एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इन्सुलेशन बघायचा. थंड पाण्याच्या पाइपांवर किती जाड आवरण घालायचं, उष्णता कुठून आत शिरेल, ती कशी अडवायची, हे त्याचं काम. आमचं वर्कशॉप त्याच्या साइटला थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट पुरवायचं. पहिल्याच भेटीत आमचं एका जोडावरून भांडण झालं, चूक माझी निघाली, आणि त्यानं ती इतक्या सहज सोडून दिली की मला त्याच्याशी मैत्री करण्यावाचून इलाज उरला नाही. पुढे आम्ही एकाच गल्लीत राहायला आलो. आमच्या बायकांची गट्टी जमली, त्याची सानिका आणि माझा मुलगा एकाच स्कूलबसनं जायला लागले. माणूस चिडायचा नाही, हट्ट करायचा नाही, समोरच्याला वाईट वाटेल असं बोलायचा नाही. हा त्याचा गुण, असं सगळे म्हणतात. मला आता तसं म्हणवत नाही.

सानिका शिकायला मेलबर्नला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मुकुंद तिला भेटायला गेला असताना शेजारच्या एका म्हाताऱ्यानं याला आपल्या गॅरेजमध्ये नेलं आणि घरी केलेली बिअर पाजली. मुकुंदला पिण्याचं फारसं वेड नव्हतं, एक ग्लास दोन तास पुरायचा. पण ती कशी होते हे बघून तो पार खुळावून परत आला. "अरे, यात दारू नंतर येते," तो मला सांगायचा, "आधी सगळा खेळ उष्णतेचा आहे." बार्लीला मोड आणायचे, ती वाळवायची, भरडायची, आणि सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायची. तेवढा तास तापमान हललं नाही तर धान्यातल्या पिठाची साखर होते. खाली तोटी सोडली की गोड रस येतो. ज्या भांड्यात हे होतं त्याला म्हणतात मॅश टन. आयुष्यभर उष्णता आत येऊ नये म्हणून झटलेल्या माणसाला ती बाहेर जाऊ नये म्हणून झटायचं काम मिळालं, आणि त्यात तो रमला.

पण आपण राहतो कुठे? शारजात दारूला मज्जाव आहे, आणि घरी बिअर बनवणं कायद्यात बसत नाही. व्हिसा, नोकरी, घर, सगळं एका फटक्यात जायचं. मुकुंदनं त्यावर काढलेला मार्ग फक्त त्यालाच सुचला असता. तो यीस्टच्या अलीकडे थांबायचा. यीस्ट घातल्याशिवाय तो रस म्हणजे नुसती बार्लीची गोड पेज. ती उकळायची, त्यात वहिनी सुंठ-वेलची घालायच्या, आणि बिल्डिंगमधली पोरं येऊन ग्लास ग्लास पिऊन जायची. संध्याकाळी उरेल ते सिंकमध्ये ओतायचं, न चुकता, कारण गोड रस नुसता राहिला तरी आपोआप आंबू शकतो. वहिनींना एकदा घरी पाव करून बघायचा होता, तर या गृहस्थानं यीस्टची पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "इथे फक्त प्रॅक्टिस," तो म्हणायचा. "यीस्ट घालायचं ते सानिकाच्या घरी." सहा वर्षं त्यानं अर्धीच बिअर केली आणि ती सिंकमध्ये ओतली.

मोडाची बार्लीही तो घरीच करायचा. रास अल खोरच्या घाऊक बाजारात जनावरांच्या खाद्याची दुकानं आहेत, तिथून पोतं आणायचं. ती भिजवायची कशी, मोड कुठवर येऊ द्यायचे, हे त्याला इंटरनेटनं जेवढं शिकवलं त्याहून जास्त वहिनींनी शिकवलं, कारण त्यांच्या आईच्या हातचं नाचणीचं सत्त्व अख्ख्या आळीतल्या बाळांना जायचं. "हे तर आमच्याकडे बारा महिने चालायचं," वहिनी म्हणाल्या, "फक्त त्याला कुणी हॉबी म्हणत नव्हतं." मग गॅलरीत जुन्या साडीवर बार्ली वाळत पडायची. इथलं ऊन असं की दोन दिवसांत काम खलास.

आता भांड्याकडे येतो. तिथेच माझी चूक आहे.

सुरुवातीला तो घरातल्या पातेल्यांवर भागवत होता. मग एका रविवारी म्हणाला की आता नीट भांडं हवं, आणि त्यानं हिशेब मांडून ठेवला होता. साइटवर कामगारांच्या पिण्याच्या पाण्याचे गोल, जाड भिंतीचे प्लास्टिकचे कूलर असतात ना, त्यातला वीस लिटरचा घ्यायचा, त्याची तोटी बदलायची, आत जाळी बसवायची. त्यात पाच किलो बार्ली आणि तिच्या तिप्पट पाणी बरोबर काठोकाठ बसतं. मी तो कागद वाचलासुद्धा नाही. मी म्हणालो, "प्लास्टिक? आणि वीस लिटर? माझं स्टीलचं वर्कशॉप असताना तू पाण्याच्या कूलरमध्ये करणार? चाळीस लिटरचं करून देतो."

"चाळीस नको रे. मला वीसच पुरे."

"आज पुरे. उद्या सानिकाचं लग्न होईल, जावई येईल, त्याची मित्रमंडळी येतील. मोठंच असू दे. वाढत्या अंगाचं घ्यावं."

हे वाक्य माझ्या आईचं. आमच्या घरात शाळेचा सदरा दोन मापं मोठा यायचा आणि खाली चार बोटं शिवण दुमडलेली असायची, अंग वाढेल तशी सोडायला. माझ्या आठवणीत ती शिवण एकदाही सोडली गेली नाही. अंग वाढेपर्यंत सदरा विटायचा. तरी मी तेच शिकलो. कुकर मोठा, गाडी मोठी, फ्रीज मोठा, आणि पाहुणे वर्षातून एकदा. दुसऱ्या दिवशी आमच्या रहमतभाईला मी उरलेल्या पत्र्यातून भांडं करायला सांगितलं. रहमतभाईसारखा वेल्डर मी पाहिला नाही. त्यानं विचारलं, "साब, किस चीज़ के लिए है? उस हिसाब से साइज़ बोलो." मी म्हणालो, "हिसाब छोड़ो, बड़ा बनाओ." भांडं असं झालं की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये. मुकुंदनं दोन्ही हातांनी ते कुरवाळलं, "काय काम केलंय," म्हणाला, आणि त्यानंतर त्या मापाबद्दल माझ्याजवळ तक्रारीचा एक शब्द काढला नाही.

तक्रार भांड्यानंच केली. पाच किलो बार्ली त्यात तळाशी पसरून बसायची आणि वरची अर्धी जागा मोकळी. सदुसष्टला सुरुवात केली की तासाभरात एकसष्टवर उतरायचं. मुकुंदनं बाहेरून त्याच्या साइटवरचं आवरण गुंडाळलं, वर ब्लँकेट टाकलं, भांडं आधी उकळत्या पाण्यानं तापवून घेतलं, तरी दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडेना. "बाहेरून किती गुंडाळलं तरी काय होणार," तो एकदा थर्मामीटर पुसत म्हणाला. "वरची मोकळी जागा आधी तापावी लागते. ती सगळी ऊब खाते." मी म्हणालो, "मग दहा किलो घाल." तो म्हणाला, "दहा किलोची पेज पिणार कोण, आपण चार माणसं?" आणि संध्याकाळी ती सिंकमध्ये ओतताना आम्ही दोघं उभे राहून बघायचो. मला वाटायचं, दहा किलो घालणं काय कठीण आहे, उगाच कंजुषी.

तीन वर्षांपूर्वी सानिकानं लकडा लावला होता की आता इकडे या. तिचं घर झालं होतं, त्याला मागे एक शेड होती. मुकुंद तयार होता. आम्ही रास अल खोरहून बार्लीचं पोतं घेऊन परत येत होतो, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा त्यानं विषय काढला. "मी या वर्षी सोडावं म्हणतो." मी गाडी चालवता चालवता त्याला बोटांवर कारणं मोजून दाखवली. ग्रॅच्युइटी वाढेल. डोंबिवलीचा फ्लॅट रीडेव्हलपमेंटमधून हातात येईल. तिथे गेल्यावर करणार काय? "अजून दोन वर्षं काढ. मग जा थाटात," मी म्हणालो. तो बराच वेळ समोरच्या ट्रकच्या नंबरकडे बघत बसला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर... काढू दोन वर्षं." दोन वर्षं झाल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कारणं जरा बदलून. इथे सगळेच एकमेकांना हे सांगतात. लग्नाच्या पार्टीत, गणपतीत, पार्किंगमध्ये, जो जायचं नाव काढेल त्याला दहा जण दोन वर्षं वाढवून देतात. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

अंत्यसंस्कार इथेच झाले. सानिका दुसऱ्या दिवशी पोचली. तेराव्यानंतर घर रिकामं करायचं होतं, म्हणून मी मदतीला गेलो. बेडरूममधल्या कपाटावर एक मोठी बॅग होती. सानिकानं ती ओढली तर तिच्या एकटीच्यानं उतरेना, म्हणून आम्ही दोघांनी उतरवली. आत लोकरीचे मोजे, दोन स्वेटर, एक मफलर, आणि मधोमध, कपड्यांनी चारी बाजूंनी आवळून बसवलेला वीस लिटरचा पाण्याचा कूलर. तोटी बदललेली होती. आत जाळी बसवलेली होती. काठाला आतून बार्लीचा पिवळा डाग धरला होता, म्हणजे तो नवा नव्हता. झाकणाखाली त्याची वही होती.

मी ती तिथेच जमिनीवर बसून वाचली. दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'मोठं', दुसऱ्यावर 'धाकटं'. मोठ्याच्या रकान्यात सगळे रविवार होते. सदुसष्ट, एकसष्ट. सदुसष्ट, बासष्ट. धाकट्याच्या रकान्यात मंगळवार. सदुसष्ट, सहासष्ट. सदुसष्ट, सहासष्ट. पानामागून पान, चार वर्षांचं. दर मंगळवारी कामावरून आल्यावर तो धाकट्यात नीट करायचा, आणि दर रविवारी मी यायच्या आत धाकटं कपाटावर चढवून माझं मोठं भांडं ओट्यावर काढून ठेवायचा.

वहिनी दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करून दिलं होतंत," त्या म्हणाल्या. "म्हणायचा, त्याला वाईट वाटेल."

"आणि ही बॅग?"

वहिनींनी सानिकाकडे पाहिलं. सानिका म्हणाली, "काका, डॅड हॅड रिझाइन्ड. ऑलरेडी. नोटीस पीरियडचे इलेव्हन डेज राहिले होते. टिकेट्स आर बुक्ड." मग म्हणाली, "आय थॉट यू न्यू."

मला काही माहीत नव्हतं. वहिनी आत येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. "सांगणार होता हो तुम्हाला. रोज म्हणायचा, आज सांगतो. मग म्हणायचा, अगदी शेवटच्या आठवड्यात सांगू. आधी सांगितलं तर तो मला पुन्हा दोन वर्षं वाढवून देईल, आणि मला त्याला नाही म्हणता येत नाही." त्यांनी हे रागानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या, चहा हवा का विचारावं तशा.

खरं सांगतो, मला आधी त्याचा राग आला. तेवीस वर्षांची मैत्री आणि माझ्यापासून बॅग लपवतोस? एवढा मी कोण लागून गेलो होतो की ज्याला घाबरून भांडी कपाटावर चढवावीत? घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं चढ्या आवाजात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला नाही म्हणणं सोपं नाही. मी तीस वर्षं बघतेय." मग मात्र राग टिकेना. त्याच्या जागी जे आलं ते अजून तसंच आहे. तो तीन वर्षांपूर्वी गेला असता तर जगला असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय तिथेही थांबलं असतं. बायकोही तेच म्हणते आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणते. पण तीन वर्षं तो मुलीच्या शेडमध्ये उभा राहिला असता. एकदा तरी यीस्ट घातलं असतं, चार दिवस वाट बघितली असती, एक बाटली उघडली असती. वाईट झाली असती तर तोंड वाकडं करून प्यायला असता. ती बाटली मी खाल्ली.

आणि ग्रॅच्युइटी, फ्लॅट, रीडेव्हलपमेंट, ही सगळी कारणं खोटी होती. म्हणजे ती खरी होती, पण माझी नव्हती. माझा मुलगा पुण्यात आहे आणि महिन्यातून एकदा विचारतो, "बाबा, व्हॉट्स द प्लॅन?" माझ्याजवळ प्लॅन नाही. मुकुंद गेला असता तर रविवारी सकाळी दहाला मी कुठे गेलो असतो? मला तो इथे हवा होता, एवढंच. त्याला मी वाढतं अंग, जावयाची मित्रमंडळी, थाट असं काय काय सांगत राहिलो. त्याला ते कळलं असणार. त्याला सगळंच कळायचं, आणि तो कुणाला वाईट वाटू द्यायचा नाही.

सानिका धाकटं भांडं घेऊन गेली. बॅगेत ते असं बसलं की वर कपडे नीट राहिले, वजनाचीही अडचण आली नाही. वही मी तिला दिली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिनं डॅडच्या मापानं केलंय, साडेतीन तास लागले, सदुसष्ट-सहासष्ट आलंय. "काका, नाउ व्हॉट? यीस्टनंतरचं डॅडने काहीच लिहिलेलं नाहीये." मी म्हणालो, बेटा, मलाही माहीत नाही, आम्ही दोघंही कधी तिथवर गेलो नाही. ती म्हणाली, शेजारी विचारते. तो म्हातारा अजून आहे.

मोठं भांडं वहिनींनी जाताना मला दिलं. "तुमचंच आहे, भाऊजी," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, वहिनींना टोमणे येत नाहीत. बायकोनं ते घासून त्यात तांदूळ भरला. वीस किलोची गोणी ओतली तरी वर वीतभर जागा उरली. तोटीत दोन-चार दाणे अडकलेत, ते काढायचे राहून गेलेत. रविवारी सकाळी दहाला मी कपडे करून तयार असतो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन त्याचं झाकण उघडतो आणि लावतो.

गेल्या रविवारी तांदूळ संपत आला होता. बायको यादी करत होती. "गोणी आणूया ना? वीसचीच?" मी तोंड उघडलं होतं, आण म्हणायला. वीस किलो आम्हा दोघांना पाच-सहा महिने सहज जातो.

"पाचची आण," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं. "पाच? ती दिवाळीपर्यंतसुद्धा पुरायची नाही."

"माहीत आहे."

तिनं पेन उचललं. मग यादीवर पाच लिहिलं. पाच किलो तांदूळ त्या भांड्याच्या तळाशी जेमतेम चार बोटं भरतो. वाटी बुडवायला आता कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो.